शिसं काढायचा ठराव

दत्तू,

तू गेलास त्याला दीड महिना झाला आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलो आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये, हे मला कळतं. पण तू भांडण अर्धवट टाकून गेलास, आणि हे तुझ्या स्वभावात बसत नाही. हातातलं काम अर्धं ठेवून तू कधी जेवायलासुद्धा उठला नाहीस. तेवीस दिवस आपण एकमेकांशी बोललो नव्हतो. चोविसाव्या दिवशी सकाळी मनालीचा फोन आला, "काका, बाबा गेले. झोपेतच." मी गिरगावात आमच्या गॅलरीत दात घासत उभा होतो. तोंडात फेस तसाच, आणि मी तुझ्या मुलीला म्हणालो, "फोन दे जरा त्याच्याकडे." तिला बिचारीला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

आपल्या बोटींच्या क्लासच्या पत्रकासाठी तुझ्यावर अर्धं पान लिहून द्या, असं मला सांगितलं गेलं. दिलं. मूळ गाव, गोदीतली सुतारकामाची नोकरी, क्लासचा मोजमाप अधिकारी म्हणून केलेलं काम, पश्चात पत्नी व कन्या. वाचून बघितलं तर त्यात तू कुठेच नव्हतास. कुठल्याही सज्जन माणसाचं नाव वर घातलं असतं तरी ते चाललं असतं. म्हणून हे दुसरं लिहायला बसलो आहे, आणि याला पानाची मर्यादा नाही.

आपली ओळख रे रोडच्या लाकडाच्या वखारीत झाली, ते आठवतं ना? मी विमा कंपनीतला कारकून. आमच्या घराण्यात समुद्राशी संबंध म्हणजे संध्याकाळी चौपाटीवर जाऊन बसण्यापुरता. मला बोटीचं वेड कुठून लागलं, ते घरात कुणालाच उमगलं नाही. मी प्लायवुडचा एक तक्ता निरखत होतो, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "ता घेव नको. पाण्यात सुटतला." मी वखारवाल्याशी वाद घालायला लागलो, की मरीनचा शिक्का आहे, लेखी हमी द्या. तू शांतपणे तक्त्याचा कोपरा वाकवून दाखवलास. थर सुटले. "आता हमी घेऊन काय करतलास, वकिलानू?" तेव्हापासून मी तुझा वकील झालो, तो कायमचा. अख्ख्या क्लासने तेच नाव उचललं. आपल्या क्लासातल्या विल्सनला तर माझं खरं नाव अजून माहीत नसेल.

कॅटमरान म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी पुस्तकी व्याख्या द्यायचो आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागायचा. तू हाताचे दोन पंजे समोर धरायचास. "ह्यो एक पाय, ह्यो दुसरो पाय, मधी खाट. खाटेर काठी, काठयेक शीड. झाली कॅटमरान." बोटीच्या त्या दोन लांबट अंगांना तू पाय म्हणायचास, म्हणून आम्ही सगळेच डावा पाय, उजवा पाय म्हणायला लागलो. आणि क्लास म्हणजे काय? तर सगळ्या बोटी एका मापाच्या. मग शर्यतीत जिंकतो किंवा हरतो तो माणूस. म्हणून आपल्याकडे दोनच गोष्टी महत्त्वाच्या होत्या, नियमांचं पुस्तक आणि तुझ्या खांद्यावरचा तो लाकडी साचा. बोटीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, साचा बसला की बोट पास. पुस्तक माझ्याकडे, साचा तुझ्याकडे. पुस्तकात बदल करायची वेळ आली की दर वेळी कुणीतरी म्हणायचं, आता हा आपला क्लास राहिला नाही. सुती शिडं गेली तेव्हा म्हणालं, लाकडी डोलकाठी जाऊन अ‍ॅल्युमिनियमची आली तेव्हाही म्हणालं. बहुतेक वेळा तो कुणीतरी मीच असायचो.

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला फार वर्षं लागली. तुझ्यासमोर बोलायला हवं होतं. बोललो नाही.

चषकाच्या त्या शर्यतीत आपण दोघेच पुढे होतो. तू तुझ्या सात नंबरवर, मी माझ्या बारा नंबरवर, समोरासमोर तिरके येत. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या बोटीला दुसऱ्याने वाट द्यायची, हे कलम पहिल्याच पानावर आहे. वारा तुझ्या उजवीकडून होता. मी धडकलो, आणि तुझ्या डाव्या पायाची नाळ फुटली. सुनावणीला मी पुस्तक घेऊन बसलो. कागदावर बाण काढले, तू शेवटच्या क्षणी दिशा बदललीस असं दाखवून दिलं, तीन कलमं म्हणून दाखवली. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, "ह्यो माझ्या अंगार इलो. आणखी काय सांगू?" निकाल माझ्या बाजूने लागला. चषक वर्षभर आमच्या दिवाणखान्यात होता, आणि माझी बायको तो पुसायची नाही. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायची, ह्यांनाच विचारा.

तू दिशा बदलली नव्हतीस, दत्तू. वाट मी द्यायची होती. मला तू स्पष्ट दिसत होतास. मला वाटलं, तू घाबरशील आणि वळशील. एवढीच गोष्ट आहे. त्यानंतर दोन आठवडे तू नाळ दुरुस्त करत बसलास, आणि मी शनिवारी येऊन तुला पॉलिशपेपर फाडून द्यायचो, जणू काही मी मदतीला आलो होतो. तू एकदाही विषय काढला नाहीस. तू शिव्या घातल्या असत्यास तर मी त्याच दिवशी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते काही खरं नाही.

आणि त्या नाळेने पुढे काय गंमत केली! लाकडी बोटी एकेक करून कुजत चालल्या होत्या आणि नव्या बांधणारं कुणी राहिलं नव्हतं, तेव्हा फायबरच्या बोटींना परवानगी द्यायचं ठरलं. मी विरोध केला, हरलो. माझगावच्या विल्सनने साचेकाम अंगावर घेतलं. आता ओतायचा साचा काढायचा तर क्लासमधल्या सगळ्यात अचूक बोटीवरून. सगळ्यात अचूक बोट कुणाची? जो सगळ्यांच्या बोटी मोजतो त्याची. कुणाला शंकासुद्धा आली नाही. विल्सनने सात नंबरच्या दोन्ही पायांवरून हात फिरवला आणि डावा निवडला. "ये वाला एकदम स्मूथ है." तो गुळगुळीत होता कारण त्याचीच नाळ तू नव्याने घडवली होतीस. त्या एका पायावरून विल्सनने दोन्ही पायांचे साचे उतरवले आणि तीन बोटी ओतल्या.

मोजायच्या दिवशी तुझा लाकडी साचा एकाही बोटीवर बसेना. तिन्ही बोटींच्या सहाही नाळा मापापेक्षा बोटभर जास्त जाड. विल्सन घामाघूम. तू काही न बोलता सात नंबरकडे गेलास, उजव्या पायावर साचा ठेवलास, बसला. डाव्यावर ठेवलास, बसला नाही. सगळ्यांच्या बोटी तू मोजायचास, पण दुरुस्तीनंतर तुझी मोजायला कुणी नव्हतं. तू भुशात फतकल मारून बसलास आणि मला वाटलं, हा माणूस आता राजीनामा देतो. तर तू हसायला लागलास. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. "वकिलानू, तुझी धडक सगळ्या क्लासाक लागली!"

सगळे हसले. मीही हसलो. त्यातल्या 'तुझी' या शब्दाचा अर्थ फक्त आपल्या दोघांना कळला. त्या दिवशी घरी जाऊन मी जे कलम लिहिलं, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं मराठी आहे. नाळेच्या मापात बोटभर सूट, तीही अशा गोलमाल भाषेत की पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यालाही वाटावं, यामागे काहीतरी शास्त्र असणार. त्यात तुझं नाव नाही, विल्सनचं नाही आणि माझंही नाही. पुढे आणखी दोन फायबर बोटी त्याच साच्यातून निघाल्या. आज आपल्या क्लासमधल्या प्रत्येक नव्या बोटीला माझ्या त्या दुपारच्या उर्मटपणाची नाळ आहे.

मधेच एक सांगतो. माझी बायको परळला हॉस्पिटलात होती ते सतरा दिवस तू रोज ड्यूटी संपवून यायचास. धीर वगैरे देणं तुला जमायचं नाही. बाकावर माझ्या शेजारी बसायचास आणि बिजागऱ्यांबद्दल बोलायचास. पितळेच्या चांगल्या की स्टीलच्या. मी म्हणायचो पितळेच्या, तू म्हणायचास स्टीलच्या, आणि तासभर जायचा. अठराव्या दिवशी, ती गेल्यावर, त्याच बाकावर बसून तू पितळेच्याच चांगल्या, असं एकदम मान्य केलंस. त्याचे आभार मानायचे राहून गेले. ते आता मानतो.

तर शिसं.

फायबरची बोट लाकडीपेक्षा हलकी निघाली. मग लाकडीवाल्यांवर अन्याय नको, म्हणून मी नियम सुचवला की फायबरच्या बोटीवर शिशाच्या पट्ट्या बसवायच्या. किती? तर हंगामाच्या सुरुवातीला लाकडी बोटींचं जे सरासरी वजन भरेल तितकं वजन होईपर्यंत. मला या कलमाचा फार अभिमान होता. त्यात एक खोट होती आणि ती तुझ्यासारख्या सुताराला पहिल्या दिवशीच दिसली असणार. लाकूड पाणी पितं. दरवर्षी लाकडी बोटी जड होत गेल्या, आणि दरवर्षी वखारीतल्या काट्यावर बोटी टांगल्या की शिसं वाढत गेलं. वजनाच्या दिवसाचा थाट तूच घालून दिला होतास. आठ दिवस बोट उन्हात, काट्यावर असताना मालकाने हात लावायचा नाही, आकडा तीनदा मोठ्याने वाचायचा, मग नारळ. एकेक लाकडी बोट गेली. दोन वर्षांपूर्वी माझी बारा नंबर तूच तपासलीस, टोचा लावलास तर तो आरपार गेला. "सोड आता हिका," म्हणालास, आणि मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. लाकडाची एकटी सात नंबर उरली. म्हणजे लाकडी बोटींची सरासरी म्हणजे तुझी बोट. सात नंबर जितकी ओली, तितकं शिसं पाच बोटींच्या अंगावर.

गणपती होऊन गेले होते. तू मला लालबागला बोलावलंस. चाळ पाडून उभारलेल्या त्या टॉवरमध्ये, अठराव्या मजल्यावर, जिथल्या बाल्कनीत तू रंधा मारतोस म्हणून सोसायटीने तुला दोनदा नोटीस दिली होती. बाल्कनीतून कॉटन ग्रीनची गोदामं दिसतात आणि त्यांच्या पलीकडे बंदराची एक पट्टी. सुमनवहिनींनी चहा आणला. तू शर्यती भरवणाऱ्या क्लबचं पत्र माझ्यापुढे ठेवलंस. हंगामाच्या पहिल्या शर्यतीत सहापेक्षा कमी बोटी उतरल्या, तर आपल्या क्लासची वेगळी शर्यत बंद. मग इतर जातीच्या बोटींबरोबर उतरायचं आणि घड्याळाचा हिशेब करून नंबर काढायचे. म्हणजे क्लास संपला, हे आपल्या दोघांनाही सांगावं लागलं नाही. फायबरच्या पाच आणि तुझी एक, अशा मोजून सहाच बोटी होत्या. आणि त्या पाचांपैकी तीन गेल्या हंगामात ताडपत्रीखालून बाहेर आल्या नव्हत्या.

"वकिलानू, शिसा काढूया," तू म्हणालास.

"कुठलं?"

"सगळा. पाचय बोटींचा."

"आणि तुझी बोट?"

"माझी आसा तशी ऱ्हवात."

मी म्हटलं, दत्तू, एवढ्या वजनाचा फरक म्हणजे वळायच्या खुणेपर्यंत, पहिल्या बोयापर्यंत, तू कुणाला दिसणारसुद्धा नाहीस. "नाय दिसलंय तर नाय दिसलंय," तू म्हणालास. मग खुर्ची पुढे ओढलीस आणि एकदम साध्या मराठीत बोलायला लागलास. गंभीर झालास की तुझी मालवणी गळून पडायची. "तो निखिल आणि त्याची बायको श्वेता. दोघं रविवारी येतात. बोट धक्क्याच्या उतारावरून खाली न्यायला चार माणसं लागतात, वर आणायला सहा. दोघं माणसं शोधत फिरतात, नाही मिळाली की चहा पिऊन घरी जातात. असे किती रविवार गेले त्यांचे, तुला ठाऊक आहे? तू पुस्तक बघत असतोस. मी माणसं बघतो. शिसं काढलं तर दोघांत बोट उतरते."

तू बरोबर होतास. मला तिथे बसल्या बसल्या कळलं होतं की तू बरोबर आहेस. पण बारा नंबर गेल्यापासून मला सगळ्या क्लासमध्ये आपली म्हणावी अशी तुझीच बोट उरली होती. तिच्यासाठी मी भांडत होतो आणि तू, तिचा मालक, तिला खुशाल सगळ्यांच्या मागे ढकलत होतास. मला राग आला. मी म्हणालो, "तू म्हातारा झालायस. तुला हरायची सवय लागलीय. ती मला लावू नकोस."

तू कप खाली ठेवलास. "तुका हरूक येनाच नाय रे. कधी इलाच नाय."

बस, एवढंच. आवाज चढवला नाहीस. मी चपला घातल्या. तू नेहमीसारखा लिफ्ट येईपर्यंत दारात उभा राहिलास. लिफ्टला त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, यायलाच तयार नव्हती. आपण दोघं चार पावलांवर उभे होतो, आणि मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होतो. शेवटी डोळ्याच्या कोपऱ्यातून तुझं तोंड उघडलेलं दिसलं. ते काही म्हणायला होतं की नुसती जांभई होती, हे मी आता रोज आठवून बघतो. मी मान वळवली असती तर कळलं असतं.

तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर मनालीने मला बाजूला बोलावलं. "बाबांच्या मोजमापाच्या वहीत हे होतं. तुमचं नाव आहे." चौकटीच्या वहीतून नीट फाडलेला कागद. तुझं ते सुतारी अक्षर, पेन्सिलीने, पट्टी लावल्यासारखं सरळ. शिशाचा नियम रद्द करावा. लाकडी बोट फक्त माझी आहे, माझी हरकत नाही. खाली सूचक म्हणून तुझी सही. त्याखाली अनुमोदक, आणि पुढे लिहिलेलं, वकील. सहीची जागा कोरी. वर तारीख होती. भांडणानंतरचा दुसरा दिवस.

म्हणजे बावीस दिवस तो कागद वहीत होता. विल्सनने एका मिनिटात सही दिली असती. निखिलने तर धावत येऊन दिली असती. तू कुणालाच मागितली नाहीस. तू माझी वाट बघत होतास का? की मी कधीच करणार नाही हे धरून, गंमत म्हणून माझं नाव लिहून ठेवलं होतंस? मला कळायला काही मार्ग नाही. वहिनींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "ते रोज विचारायचे, वकिलाचा फोन इलो काय. मी म्हणायचे, तुम्हीच करा की. तर म्हणायचे, ऱ्हवांदे, येतलो तो." मी तुमच्या बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत राहिलो.

मनालीने मला सरळ विचारलं, "काका, हा नियम गेला की बाबांची बोट हरणार का?"

"हो," मी म्हटलं. "दर वेळी."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यानेच लिहिलंय."

परळच्या हॉस्पिटलात दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवणारी तुझी मुलगी. तिने माझ्या गुडघ्यांकडे एकदा बघून घेतलं. "मग मी उतरवते बोट. पण एकटीला नाही जमणार. तुम्ही यायचं." मी म्हटलं, मी दोन वर्षांत बोटीवर चढलेलो नाही. ती म्हणाली, मी सहा वर्षांत चढले नाही.

सर्वसाधारण सभेत काय झालं ते तुला ऐकायला आवडलं असतं. ठराव सभेच्या पंधरा दिवस आधी यायला हवा, हे कलम माझंच. एक दिवस उशीर झाला म्हणून मी एकदा विल्सनचा ठराव फेकून दिला होता, आणि तो हे विसरणारा माणूस नाही. सभेला सात दिवस उरले असताना कागद माझ्या हातात आला होता. मी उभा राहून तो वाचून दाखवला. विल्सन हात वर करून म्हणाला, "वकीलसाब, वो पंद्रा दिन का रूल किधर गया?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ते कलम मी लिहिलंय, मला पाठ आहे. आज गिळतोय." निखिल हळूच म्हणाला, "पण सर, सूचक हजर लागतो ना?" त्याचा दोष नाही, त्याला ही सवय मीच लावली. मी म्हटलं, मग सूचक मी. तुझ्या सहीच्या शेजारी मी माझी सही केली. अनुमोदक म्हणून विल्सनने केली, आणि नंतर तो माझा खांदा दाबत बराच वेळ तसाच उभा राहिला. सगळे हात वर गेले. मनालीचा सगळ्यात आधी.

वजनाच्या दिवशी वखारीत पाच बोटींचं शिसं उतरवलं. पट्ट्यांचा ढीग झाला, गुडघ्याएवढा. मी तो बघत होतो, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की ही माणसं इतकी वर्षं माझं एक वाक्य अंगावर घेऊन फिरत होती. मग सात नंबर टांगली. आकडा वाचायचं काम तुझं, ते घ्यायला कुणी पुढे येईना. शेवटी मनालीने वाचला. तीनदा, मोठ्याने, तुझ्यासारखंच शेवटचा आकडा लांबवून. बोट गेल्या वर्षीपेक्षा आणखी जड भरली होती.

पहिल्या शर्यतीला सहा बोटी उतरल्या, दत्तू. क्लबच्या माणसाने दोनदा मोजल्या. निखिल आणि श्वेताने आपली बोट दोघांतच उतारावरून खाली नेली आणि पाण्याला लागल्यावर श्वेताने ओरडून हात वर केले, जणू शर्यत जिंकलीच होती. आम्ही सुटलो. दोन-तीन मिनिटं बरोबर होतो, मग वारा मंदावला आणि त्या पाच जणी आमच्यापासून सुटून निघून गेल्या. अडवायचा प्रयत्नसुद्धा करता आला नाही. मनाली सुकाणूवर होती, माझ्याकडे पुढच्या शिडाची दोरी. पहिला बोया वळलो तेव्हा आमच्या मागे फक्त घारापुरीची लाँच होती.

आधी मला फार लाज वाटली. मग एक वेगळीच गोष्ट झाली. इतकी वर्षं मी या क्लासात आहे, पण शर्यतीत माझ्या पुढे कधी एक बोट असायची, कधी दोन, आणि माझी नजर त्यांच्यावरच असायची. मागे कोण आहे ते मी बघत नसे. आता पुढे पाच शिडं होती, एकाच वाऱ्यावर कललेली, आणि ती सगळीच्या सगळी मला एका नजरेत दिसत होती. आपला क्लास मी असा पूर्ण कधी पाहिलाच नव्हता. तो बघायचा तर सगळ्यांच्या मागे असावं लागतं. तू गेली काही वर्षं तिथेच असायचास. माझ्या हातातली दोरी सैल पडली. मनाली म्हणाली, "काका, दोरी! शर्यत चालू आहे अजून." मी दोरी ओढली.

आम्ही शेवटचे आलो. बाकीचे केव्हाच पोचले होते. मला वाटलं, बोटी वर घेऊन, कपडे बदलून बसले असतील. तर त्यांच्या पाच बोटी उतारावर ओळीने लावलेल्या होत्या आणि माणसं सगळी पाण्यात होती, कमरेएवढ्या, गढूळ पाण्यात. निखिल, श्वेता, विल्सन, सगळे. सात नंबर आता क्लासमधली सगळ्यात जड बोट आहे, तिला वर घ्यायला माणसं लागणार, हे त्यांनी आपसांत ठरवून ठेवलं होतं. मी उतरलो आणि नाळ धरायला गेलो, तर दोन्ही पायांना दोन्ही बाजूंनी इतके हात लागले होते की मला धरायला जागाच उरली नव्हती. विल्सनने आवाज दिला आणि दहा जणांनी तुझी बोट एका दमात वर नेली. मी पाण्यातच उभा राहिलो आणि मोठ्याने रडलो.